कमरेला उघडं पिस्तूल आणि समोर पोलीस: टोलेडोचं एक प्रकरण

जून २०१०. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर. एक गृहस्थ, त्यांची पत्नी, मुलगी, नातू आणि कुत्रा असा सगळा लवाजमा संध्याकाळी घराजवळच्या रस्त्यावर फिरायला निघाला होता. गृहस्थांच्या कमरेला मोबाइल अडकवलेला होता आणि त्याला लागूनच होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानात, काळं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, कुणालाही सहज दिसेल असं. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाला ते खटकलं. तो थांबला आणि ओरडून म्हणाला की असं बंदूक लावून फिरता येत नाही. कुटुंबाने सांगितलं की येतं, कायद्याने परवानगी आहे. एवढं बोलून ते पुढे चालू लागले. मोटारसायकलवाल्याने ९११ ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन लावला.

फोनवर त्याने सांगितलं ते एवढंच: एक माणूस कुत्रा घेऊन रस्त्याने चाललाय आणि त्याने बंदूक उघड्यावर लावली आहे. धमकी दिली, बंदूक रोखली, कुणाच्या अंगावर गेला, असं त्यात काहीही नव्हतं. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरलं.

पोलीस अधिकारी आला. त्याने गृहस्थांचं पिस्तूल काढून घेतलं. मग ड्रायव्हिंग लायसन्स आणि लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला. गृहस्थांनी लायसन्स दिलं, परवान्याचं मात्र तुम्हीच शोधून बघा असं सांगितलं. त्यावर त्यांना बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवण्यात आलं. संगणकावर परवाना सापडला. साधारण अर्ध्या तासाने त्यांना सोडलं, पण 'वैयक्तिक माहिती न दिल्याचा' ठपका ठेवणारा कागद हातात देऊन. तो आरोप पुढे मागे घेतला गेला. गृहस्थ थांबले नाहीत. त्यांनी अधिकाऱ्यावर आणि टोलेडो पोलिसांवर दिवाणी दावा लावला. अपील सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यं मिळून केलेला न्यायालयीन विभाग) संघीय अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १३ मे २०१५ रोजी न्यायमूर्ती जेफ्री सटन यांनी लिहिलेला निकाल आला. बंदूक उघडपणे बाळगणारा नागरिक आणि पोलीस यांच्या गाठीभेटीबद्दल अमेरिकेत बोलणं निघालं की हा निकाल हमखास पुढे येतो.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला हे प्रकरण पहिल्यांदा वाचताना पोलिसांचीच बाजू बरोबर वाटते, आणि त्यात नवल नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १९ अगदी स्पष्ट आहे: शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणत्याही माणसाकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. माणसाने तो दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांची शस्त्रंही पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे आपल्याकडे शस्त्र हा अपवाद आहे आणि ते बाळगणाऱ्याने आपलं अपवाद असणं सिद्ध करायचं असतं. ओहायोत नेमकं उलटं आहे. राज्याच्या घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमात शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे आणि पिस्तूल उघड दिसेल असं लावून पायी फिरायला तिथे परवानाच लागत नव्हता. परवाना होता तो लपवून बाळगण्यासाठी, आणि ती सोयही २००४ पासूनची. त्या संध्याकाळी अधिकाऱ्याने जो कागद मागितला, त्याची उघडपणे लावलेल्या पिस्तुलासाठी कायद्याला गरजच नव्हती. या गृहस्थांकडे तो होता ही वेगळी गोष्ट.

आता पोलिसांचा अधिकार. रस्त्यात एखाद्याला थोडा वेळ अडवून ठेवायचं असेल तर काय लागतं, याचा पायाच मुळी ओहायोत घातला गेलेला आहे. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडमध्ये साध्या वेशातल्या एका डिटेक्टिव्हने दोन माणसं एका दुकानाच्या काचेत पुन्हा पुन्हा डोकावून परत येताना पाहिली. त्यांना तिसरा येऊन मिळाला. दरोड्याची टेहळणी चालली आहे असं वाटून त्याने त्यांना हटकलं, शस्त्र आहे का ते बघायला कपड्यांवरून अंगावर हात फिरवला, आणि दोघांकडे पिस्तुलं सापडली. १९६८ मध्ये टेरी विरुद्ध ओहायो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कृती आठ विरुद्ध एक मतांनी योग्य ठरवली. पण सोबत अट घातली. गुन्हा होतो आहे किंवा होणार आहे, असा वाजवी आणि शब्दांत मांडता येईल असा संशय असला तरच अडवता येतं. आणि अंगावरून हात फिरवायचा तर तो माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असं मानायला कारण हवं.

'सशस्त्र आणि धोकादायक' यातल्या 'आणि'वर टोलेडोचं प्रकरण उभं आहे. गृहस्थ सशस्त्र होते, हे लांबूनच दिसत होतं. धोकादायक होते, याचा एकही पुरावा नव्हता. शस्त्र बाळगणं हाच गुन्हा नसेल, तर शस्त्र दिसलं एवढ्यावर गुन्ह्याचा संशय कसा घेणार? सटन यांचा निकाल याच मुद्द्यावर ठाम आहे. उघड शस्त्राच्या कायद्यामुळे पोलिसांची अधूनमधून पंचाईत होत असेल, हे त्यांनी मान्य केलं. पण आपल्या नागरिकांवर रस्त्यात शस्त्रासह विश्वास टाकायचा हा निर्णय ओहायोच्या विधिमंडळाने घेतलेला आहे, आणि तो बाजूला सारून दिसेल त्या बंदूकधाऱ्याला अडवण्याचा अधिकार टोलेडो पोलिसांना नाही, असं त्यांनी बजावलं. २००० मध्ये फ्लोरिडातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असंच म्हटलं होतं. बस थांब्यावरच्या अमुक शर्टातल्या तरुणाकडे बंदूक आहे असा निनावी फोन आला, म्हणून त्याची झडती घेता येणार नाही. बंदुकीचं नाव निघालं म्हणून नियमाला खास सूट मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बंदूकप्रेमी मंडळी निकाल सांगताना ती गाळतात. हा अंतिम विजय नव्हता. अधिकाऱ्याने 'मला दाव्यापासून संरक्षण द्या' म्हणून अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. त्या टप्प्यावर न्यायालयाला घटनाक्रम गृहस्थांच्या बाजूने धरूनच बघायचा होता. आणि घटनाक्रमावर मतभेद होता. अधिकाऱ्याचं म्हणणं, गृहस्थांचा हात शस्त्राच्या दिशेने गेला. गृहस्थांनी ते साफ नाकारलं.

मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच वाटते. पिस्तूल आणि मोबाइल एकाच बाजूला, एकमेकांना लागून. अशा वेळी हात फोनकडे जरी गेला तरी समोरच्या अधिकाऱ्याला तो पिस्तुलाकडे गेलेलाच दिसणार. आणि पोलीस समोर आला की हल्ली पहिला हात कुठे जातो? रेकॉर्डिंग सुरू करायला, फोनकडे. ज्याला उघडपणे पिस्तूल लावायचंच आहे त्याने फोन, पाकीट, किल्ल्या सगळं दुसऱ्या बाजूला ठेवावं. रेकॉर्डिंग करायचं तर गाडी दिसताक्षणी सुरू करून फोन छातीच्या उंचीवर धरावा, किंवा सोबतच्या माणसाने करावं. अधिकारी तीन-चार पावलांवर आल्यावर खिसे चाचपू नयेत.

हातांबद्दल आणखी. ते कोपरात दुमडून, तळवे उघडे, अंगापासून थोडे लांब. अधिकाऱ्याने पिस्तूल काढून घ्यायचं ठरवलं, तर ते त्याला काढू द्यावं. 'थांबा, मीच देतो' म्हणून स्वतः होल्स्टरमधून उपसणं हा सगळ्यात घातक सौजन्याचा प्रकार आहे. ओळखपत्र काढायचं असेल तर आधी तोंडाने सांगायचं की पाकीट मागच्या डाव्या खिशात आहे, काढू का? 'हो' आलं की मगच हात हलवायचा, तोही सावकाश.

बोलण्यात दोनच प्रश्न कामाचे आहेत: मला थांबवून ठेवलंय का? मी जाऊ शकतो का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर निघायचं, शेवटचा टोमणा न मारता. 'नाही' आलं तर थांबायचं, आणि शांतपणे एकदाच सांगायचं की माझी संमती नाही, पण मी विरोध करणार नाही. हे वाक्य पुढे वकिलाच्या उपयोगाचं असतं. ओहायोत २००६ पासून असा कायदा आहे की गुन्ह्याचा वाजवी संशय असेल तेव्हा नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांगावी लागते, त्यापलीकडे उत्तरं देण्याची सक्ती नाही. टोलेडोच्या गृहस्थांवर याच कायद्याखाली ठपका ठेवला होता. त्यांनी लायसन्स दिलेलं होतं, त्यावर हे सगळं छापलेलं असतं. लायसन्स देणं आणि परवान्याचं 'तुम्हीच बघा' म्हणणं, हा त्यांचा हट्टीपणा कुणाला आवडणार नाही. मला तो समजतो. त्यांनी आवश्यक ते दिलं, अनावश्यक ते दिलं नाही, आणि बेड्या पडताना झटापट केली नाही. झटापट झाली असती तर पुढे न्यायालयात 'धोकादायक'ची जागा त्यांनीच भरून दिली असती.

अधिकाऱ्याकडे शांतपणे वागायला मार्ग होता, आणि तो अवघडही नव्हता. ९११ ला फोन आला म्हणजे जाऊन बघणं त्याचं कामच. गाडी थोडी लांब उभी करायची, दोन मिनिटं पाहायचं: माणूस कुत्रा फिरवतोय, सोबत बायको-मुलगी-नातू, पिस्तूल होल्स्टरमध्ये. मग जवळ जाऊन म्हणायचं, 'नमस्कार, कुणीतरी काळजीने फोन केला होता, सगळं ठीक ना?' अशा गप्पांना कुठलाच संशय लागत नाही, कारण समोरचा उत्तर न देता निघून जायला मोकळा असतो. बहुतेक माणसं बोलतात. शांत राहण्याची पहिली जबाबदारी मी गणवेशातल्या माणसावर टाकतो. शस्त्र दोघांकडे असतं, पण अडवण्याची सत्ता आणि त्याचं प्रशिक्षण एकाकडेच असतं.

तरी टोलेडोच्या निकालाने वाटेल तसं वागायची मोकळीक मिळाली, असं कुणी समजू नये. तीनच वर्षं आधी, २०१२ मध्ये, याच न्यायालयाने आणि याच सटन यांनी बंदूकधाऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला होता. टेनेसीत नॅशव्हिलजवळच्या रॅडनर लेक उद्यानात एक जण लष्करी छापाचे कपडे घालून, एके-४७ च्या घडणीचं भरलेलं पिस्तूल छातीवर लटकवून फिरत होता. त्याच्या नळीचं टोक नारिंगी रंगवलेलं होतं, जसं खेळण्यातल्या बंदुकीचं असतं. कायद्याच्या मापात ते शस्त्र जेमतेम 'पिस्तूल' म्हणून बसत होतं. उद्यानाच्या रेंजरने (रक्षकाने) ते तपासेपर्यंत त्याला सुमारे अडीच तास अडकवून ठेवलं. न्यायालयाने म्हटलं की संशयास्पद दिसण्यासाठी स्वतःच इतकी मेहनत घेतल्यावर, लोकांना संशय आला अशी तक्रार करता येणार नाही. दोन निकाल शेजारी ठेवले की रेघ कुठे आहे ते कळतं. आणि सर्किट बदललं की तीही सरकते: २०१७ मध्ये चौथ्या सर्किटने ठरवलं की वाहतूक नियमभंगासारख्या रास्त कारणाने गाडी आधीच थांबवलेली असेल, तर माणूस सशस्त्र असल्याचा वाजवी संशय अंगझडतीला पुरेसा आहे, वेगळा धोका दाखवण्याची गरज नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना ही राज्यं त्यात येतात आणि तिथे आपली मराठी कुटुंबं बरीच आहेत.

एवढं सांगून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. टोलेडोच्या गृहस्थांना अर्धा तास बेड्या पडल्या आणि ते घरी गेले. त्याच ओहायोत, त्याच कायद्याखाली, ५ ऑगस्ट २०१४ रोजी बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये बावीस वर्षांचा जॉन क्रॉफर्ड फोनवर बोलत फिरत होता. हातात दुकानातल्याच फळीवरून उचललेली छऱ्याची बंदूक होती. एका ग्राहकाने ९११ ला कळवलं की तो लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि काही क्षणांत त्यांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांचा टामिर राइस खेळण्यातली बंदूक घेऊन बागेत होता. पोलिसांची गाडी थेट त्याच्याजवळ येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दोघेही कृष्णवर्णीय होते. त्यांना 'मी जाऊ शकतो का' विचारायला वेळच दिला गेला नाही.

आणि ज्याने सगळं नीट केलं त्याचं काय? ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टील यांच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना होता. गाडी थांबवल्यावर अधिकाऱ्याने लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. कॅस्टील यांनी विम्याचं कार्ड दिलं आणि मग 'सर' म्हणून अदबीने सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. अधिकारी म्हणाला, काढू नका. कॅस्टील म्हणाले, काढत नाहीये. त्यानंतर सात गोळ्या. मागच्या सीटवर त्यांच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. अधिकारी २०१७ मध्ये ज्युरीपुढे निर्दोष सुटला. बंदुकीच्या हक्काबद्दल तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडून कॅस्टील यांच्यासाठी शब्द फुटला नाही, याचा मला आजही राग येतो. हक्क सगळ्यांचा असेल तर तो त्यांचाही होता.

प्रशिक्षक आता सांगतात की गाडीत असाल तर आधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद मागण्याआधीच परवान्याचं सांगा, 'गन' हा शब्द सुटा उच्चारू नका, 'माझ्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे आणि आत्ता शस्त्र सोबत आहे, मी काय करू?' असं विचारा. हा सल्ला चांगला आहे, पाळावा. पण तो न पाळणं हे कुणाच्या मृत्यूचं कारण ठरवू नये. ओहायोत १३ जून २०२२ पासून एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या पात्र नागरिकाला लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही, आणि पोलिसाला आपणहून सांगण्याची सक्ती जाऊन विचारल्यावर सांगण्याची आली. तरी गाडीत असताना आपणहून सांगावं, असंच मला वाटतं.

आपल्या लोकांपैकी पिस्तूल लावून फिरणारे थोडेच. बहुतेकांची भूमिका त्या मोटारसायकलवाल्याची असणार: कोलंबसमध्ये किंवा क्लीव्हलँडमध्ये किराणा घेताना, पार्कमध्ये मुलांना खेळवताना, पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसणार आणि पोटात गोळा येणार. घाबरणं साहजिक आहे. मुलांना घेऊन तिथून निघून जाणं तर कधीही योग्य. पण फोन उचलण्याआधी बघावं की शस्त्र होल्स्टरमध्ये आहे की हातात, तो माणूस काय करतोय, कुणाला काही बोलतोय का. होल्स्टरमध्ये असेल आणि तो दूध घेऊन रांगेत उभा असेल, तर कळवण्यासारखं काही घडलेलं नाही. फोन करायचाच झाला तर डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगावं. रोखली नसेल तर 'रोखली' म्हणू नये. क्रॉफर्डच्या बाबतीत या एका शब्दावर पोलीस धावत आले होते. टामिर राइसच्या वेळी फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की बंदूक बहुधा खोटी आहे आणि मुलगा बहुधा अल्पवयीन आहे. ते अधिकाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. तुम्हालाही अशी शंका असेल तर तीच आधी सांगा, येणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवा असं स्पष्ट म्हणा, आणि कळवलं का ते फोन ठेवण्याआधी विचारा.